घरातला सगळ्यात जुना फोन आधी बघा

सगळ्यात सुरक्षित मेसेजिंग ॲप कोणतं, असं आमच्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूरमध्ये कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या घरात सगळ्यात जुना फोन कोणाकडे आहे आणि तो आणखी कोण कोण हाताळतं? उत्तर बहुतेक वेळा आई, आजी नाहीतर शेतात राहणारे वडील असंच येतं. फोन पाच-सहा वर्षांचा, काच तडकलेली, मेमरी भरलेली, गुगलचं खातं दुकानदारानं काढून दिलेलं. ॲप निवडायला या फोनपासून सुरुवात करावी लागते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नव्या कोऱ्या फोनवर काय काय चालतं, हे इथं कामाचं नाही. निरोपाला दोन टोकं असतात आणि तो फुटतो कच्च्या टोकाला.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन ही काय भानगड आहे ते एकदा सरळ समजून घ्या. तुम्ही लिहिलेला मजकूर तुमच्याच फोनवर कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या मोबाईल कंपनीच्या किंवा खुद्द ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या हाती वाचण्याजोगं काही लागत नाही. व्हॉट्सॲपनं ५ एप्रिल २०१६ रोजी ही सोय सगळ्यांना लागू केली आणि त्यासाठी सिग्नल ॲप बनवणाऱ्यांचीच पद्धत घेतली. आडतीवर सोयाबीनचा भाव विचारणारा शेतकरी आणि दिल्लीतला पत्रकार, दोघांच्या मेसेजला एकाच गणिताचं कुलूप लागतं. त्या गणिताची काळजी तुम्ही-आम्ही करायची गरज नाही. खरी अडचण कुलूप वापरण्यात आहे आणि ती जुनी आहे.

१९९९ साली अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पीजीपी ५.० हा ईमेल कुलूपबंद करण्याचा प्रोग्राम १२ जणांना वापरायला दिला. ही सगळी माणसं शिकलेली आणि ईमेलला सरावलेली होती. ९० मिनिटांत त्यांना एक निरोप कुलूपबंद करून पाठवायचा होता. तो नीट जमला फक्त एक तृतीयांश जणांना. तिघांनी तर गुप्त ठेवायचा मजकूरच चुकून उघडा पाठवून दिला. माणसं बावळट नव्हती, प्रोग्राम किचकट होता. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी घरच्यांसाठी ॲप सुचवताना एकच कसोटी लावतो: आठवडाभर कुणी मदतीला नसताना आजीला ते चालवता येईल का? येत नसेल तर पहिल्या अडचणीला ती साधा एसएमएस करेल किंवा शेजारच्या पोराच्या फोनवरून निरोप धाडेल. मग कुलूप असून नसल्यासारखं.

आता निवडीकडे वळू. आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी माझा सल्ला असा की व्हॉट्सॲपच ठेवा, पण त्याची राहून गेलेली सेटिंग पुरी करा. मामा, मावशी, शाळेचे गुरुजी, आडत्या, बँकेतले साहेब, सगळे तिथंच आहेत. समोरचा माणूसच नसेल तर सुरक्षित ॲप घेऊन करायचं काय? मात्र ज्यांच्या कामात दुसऱ्याचं गुपित असतं, म्हणजे वकील, वार्ताहर, डॉक्टर, अन्यायाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांबरोबर काम करणारी कार्यकर्ती, अशांनी त्या कामापुरतं सिग्नल जरूर घ्यावं. व्हॉट्सॲप मेसेज वाचू शकत नसलं, तरी कुणाचं कुणाशी आणि कधी बोलणं होतं याची माहिती त्या कंपनीकडे जमते. सिग्नल ती साठवतच नाही. २०१६ साली अमेरिकेत त्यांच्यावर माहिती देण्याचा आदेश बजावला गेला, तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं. फेब्रुवारी २०२४ पासून सिग्नलवर युजरनेम घेता येतं, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलताना आपला नंबर उघड करावा लागत नाही. खातं उघडायला मात्र नंबर लागतोच.

टेलिग्रामबद्दल गैरसमज फार आहे. लातूरला नीटची तयारी करणारी लेकरं नोट्ससाठी ते वापरतात, त्याला हरकत नाही. मोठमोठ्या फाईल जातात, कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडतं, जुनं सगळं जिथल्या तिथं सापडतं. पण हे सोयीचं होतं ते नेहमीच्या चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतात म्हणूनच. ते चॅट एंड-टू-एंड कुलूपबंद नसतात. कुलूप हवं तर 'सीक्रेट चॅट' वेगळं सुरू करावं लागतं. ते ग्रुपमध्ये होत नाही आणि ज्या फोनवर सुरू केलं त्याच फोनवर राहतं. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो कंपनीचं अरट्टै हे ॲप एकदम गाजलं आणि आपल्याकडेही कित्येकांनी उत्साहानं घेतलं. त्या वेळी त्यावरचे कॉल कुलूपबंद होते, साधे मेसेज नव्हते. स्वदेशी असणं ही चांगली गोष्ट आहे, कुलूपबंद असणं ही वेगळी गोष्ट आहे. कोणतंही ॲप घेतलं तरी एखाद्या चॅटची माहिती उघडून एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे का ते स्वतः बघा. जाहिरातीवर जाऊ नका.

आणखी एक. इंटरनेटवर थ्रीमा, ब्रायर, एलिमेंट अशी नावं वाचून काही तरुण मुलं घरच्यांना तिकडे ओढू बघतात. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १४ मेसेजिंग ॲप देशात बंद केली, त्यात ही तिन्ही होती. कारवाईच्या योग्यायोग्यतेवर वाद होऊ शकतो, पण आईला असं ॲप शिकवून ते उद्या उघडलंच नाही तर ती पुन्हा तुमच्या शब्दावर काही शिकणार नाही.

आता फोनकडे. आपल्या भागात जिओफोन घरोघर होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं आणि ज्यांनी कधी स्मार्टफोन धरला नव्हता त्यांनीही मुलांचे फोटो बघितले. जून २०२४ पासून त्या फोनच्या कायओएस प्रणालीवर व्हॉट्सॲप नव्यानं उतरवून घेणं बंद झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला चालायचंही थांबलं. कितीतरी म्हाताऱ्या माणसांना कुणी धड सांगितलंच नाही. "मेसेज जाईना गेलाय बघ," एवढीच त्यांची तक्रार. त्यांना वाटतं फोन बिघडला, नाहीतर पोरगा बोलेनासा झाला. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना साधा कॉल करत राहा आणि शक्य होताच एक स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन द्या. फोन नवा असो की वापरलेला, घेताना कॅमेऱ्याआधी सेटिंगमधल्या 'फोनविषयी' या भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघा. २४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपला किमान अँड्रॉइड ५ लागतं आणि ही अट पुढे वाढतच जाणार. सुरक्षा अपडेटची तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन स्वस्तातही महाग आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठं भगदाड बॅकअपचं आहे, म्हणून इथं जरा थांबतो. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत अमली पदार्थांच्या तपासात चित्रपटसृष्टीतल्या लोकांच्या जुन्या व्हॉट्सॲप चॅट टीव्हीवर वाचून दाखवल्या गेल्या. कुलूपबंद म्हणतात तर हे बाहेर आलं कसं, असा प्रश्न गावागावात विचारला गेला. कंपनीनं खुलासा केला की मेसेज तिला वाचता येत नाहीत, आणि फोनवर साठलेलं जपायला लोकांनी भक्कम पासवर्ड, बोटाचा ठसा असे फोनचेच उपाय वापरावेत. वाटेवर लागलेलं कुलूप फोनवर पोचताच उघडतं, कारण तुम्हाला वाचायचं असतं. पुढे त्या चॅटची प्रत क्लाउडवर गेली तर ती एंड-टू-एंड कुलूपबंद नसायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं बॅकअपलाही कुलूप लावायची सोय दिली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते.

ती अशी करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट', त्यात 'चॅट बॅकअप', तिथं खाली 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप'. चालू करताना पासवर्ड घ्यायचा की ६४ अंकी की, असं विचारलं जातं. घरच्या माणसांसाठी पासवर्डच घ्या, ६४ अंक कुणी सांभाळत नाही. तो कागदावर ठळक अक्षरात लिहा आणि रेशनकार्ड, सातबारा जिथं ठेवता त्या पिशवीत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं शहरातले जाणकार सांगतील. चाकूरच्या घरात चोर सातबाऱ्याच्या पिशवीतून व्हॉट्सॲपचा पासवर्ड काढून नेईल ही भीती कमी, आणि आजी तो विसरेल याची खात्री जास्त. विसरलात तर कंपनीही तो परत मिळवून देऊ शकत नाही.

हे करण्याआधी मात्र बॅकअप कोणत्या गुगल खात्यात जातो ते त्याच पानावर बघा. फोन विकताना दुकानात घाईघाईनं काढलेलं खातं, नावापुढे कसलेतरी आकडे, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, असं फार ठिकाणी आढळतं. फोन बदलला की त्या खात्यात शिरता येत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या आवाजातले निरोप, बाळाच्या बारशाचे व्हिडिओ, सालगड्याचा उधारीचा हिशोब कायमचा जातो. खातं आपलं नसेल तर आजच आपलं काढा आणि बॅकअप तिकडे वळवा. दुसरी अडचण जागेची. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप २०२४ पासून गुगलच्या मोफत १५ जीबीमध्ये मोजला जातो. रोजच्या शुभ सकाळच्या चित्रांनी ती जागा भरते आणि बॅकअप गुपचूप थांबतो. शेवटच्या बॅकअपची तारीख तिथं लिहिलेली असते. ती जुनी असेल तर व्हिडिओ वगळून बॅकअप घ्या.

सिग्नलवाल्यांना इथं जास्त जपावं लागतं. त्यात बॅकअप आपोआप होत नाही. अँड्रॉइडवर फोनमध्येच बॅकअप घेण्याची जुनी सोय आहे, तिला ३० अंकांचा सांकेतिक आकडा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून ऑनलाइन बॅकअपही येऊ लागला, त्याची की ६४ अक्षरांची. हरवली तर संपलं. सिग्नल घरच्यांसाठी न सुचवण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे.

सिमचा विषय आता नव्यानं गंभीर झालाय. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागानं व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम, अरट्टै अशा ॲपना आदेश काढला: ज्या नंबरवर खातं आहे ते सिम त्याच फोनमध्ये असलं तरच ॲप चालावं आणि कॉम्प्युटरवर उघडलेलं ॲप दर सहा तासांनी बंद होऊन पुन्हा जोडायला लागावं. फसवणूक रोखायला हे केलं, असं सरकारचं म्हणणं. आपल्याकडे याची झळ कुणाला लागू शकते ते बघा. बापाच्या नंबरवरचं व्हॉट्सॲप मुलाच्या फोनमध्ये आणि सिम बापाच्या साध्या फोनमध्ये. लातूर रोड स्टेशनवरून पुण्याची गाडी धरलेला पोरगा तिथं नवं सिम घेतो, जुनं पाकिटात ठेवतो आणि व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालवतो. आखातात गेलेला माणूस भारतातल्या नंबरवर घरी बोलतो. या सगळ्यांनी आताच व्यवस्था लावावी. ज्या फोनमध्ये ॲप, त्याच फोनमध्ये सिम. नंबर बदलायचाच असेल तर सेटिंगमधल्या 'खाते' या भागात 'नंबर बदला' असा पर्याय आहे. त्यातून गेलात तर ग्रुप आणि चॅट टिकतात. जुन्या सिमला रिचार्ज केला नाही तर काही महिन्यांनी तोच नंबर परक्या माणसाला मिळतो, म्हणून ॲप हलवायच्या आत सिम मरू देऊ नका.

'लिंक केलेली डिव्हाइस' हे पान महिन्यातून एकदा उघडायची सवय लावा. व्हॉट्सॲप मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर चालतं आणि तुमचा फोन बंद असला तरी तिथं मेसेज पोचत राहतात. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब जोडलं आणि काम झाल्यावर तसंच सोडलं, असं सर्रास होतं. त्या कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्याला तुमचं घर दिसत राहतं. अनोळखी नाव दिसलं की त्यावर दाबून लॉग आउट करा. प्रिंट काढायची असेल तर तेवढीच फाईल दुकानदाराला पाठवा, व्हॉट्सॲप जोडू नका. आठ अक्षरांचा कोड टाकूनही फोन जोडता येतो आणि भामटे आता तोच कोड 'फोटो बघायला टाका' म्हणून पाठवतात. सहा अंकी असो की आठ अक्षरी, कोड कुणाला सांगायचा नाही आणि कुणी पाठवलेला टाकायचाही नाही. त्याच्या जोडीला द्वि-चरण पडताळणीचा सहा अंकी पिन लावून घ्या. जन्मसाल आणि गाडीचा नंबर सोडून काहीही चालेल.

घरातल्या बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांच्या खाजगीपणाला धोका दूरच्या हॅकरपासून कमी आणि फोन उचलून बघणाऱ्या जवळच्या माणसापासून जास्त असतो. सामायिक फोनवर एन्क्रिप्शनचा काडीचा उपयोग नाही. तिथं कामाला येतं ते चॅट लॉक, ठरलेल्या मुदतीनं नाहीसे होणारे मेसेज आणि लॉक पडद्यावर मजकूर न दाखवणारं नोटिफिकेशन. व्हॉट्सॲपवर ही मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस ठेवता येते. मैत्रिणीशी, बहिणीशी किंवा वकिलाशी मोकळं बोलण्यासाठी ती लावण्यात काहीच गैर नाही. घरच्यांनीही फोन मागून तपासणं सोडलं पाहिजे, हे मी इथं स्पष्ट लिहितो.

मराठी लिहिण्यासाठी लोक कुठलाही कीबोर्ड उतरवून घेतात, तो नीट निवडा. तुम्ही टाइप करता ते कुलूप लागण्याच्या आधी कीबोर्डच्या हातातून जातं. गुगलच्या जीबोर्डमध्ये मराठी आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचीही सोय आहे. अनोळखी कंपनीचा, रंगीबेरंगी जाहिरातींचा कीबोर्ड फोनवर असेल तर काढून टाका. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी खुशाल आवाजी निरोप पाठवावेत, त्यांनाही तेच कुलूप असतं.

कधीकधी चॅटमध्ये 'सुरक्षा कोड बदलला' अशी ओळ येते आणि लोक घाबरतात किंवा तिच्याकडे बघतही नाहीत. समोरच्यानं फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की ती येते. नेहमीच्या गप्पांत ती सोडून द्या. पण त्याच सुमारास त्या माणसानं पैसे मागितले तर साधा कॉल करून त्याचा आवाज ऐका. सुरक्षा कोड हा ६० अंकांचा असतो. समोरासमोर भेटल्यावर एकानं दुसऱ्याच्या फोनवरचा क्यूआर स्कॅन केला की खात्री होते. दिवाळीला मुलं घरी आली की बहीण-भावांनी हे एकदा करून ठेवावं.

ग्रुपमध्ये जेवढी माणसं तेवढे फोन, आणि कुलूप प्रत्येक फोनवर उघडतं. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि आपल्या भागातली पुष्कळ मुलं सैन्यात, निमलष्करी दलांत आहेत. त्यांच्या घरच्यांनी मुलगा कुठे निघाला, कधी पोचणार हे भावकीच्या ग्रुपवर टाकू नये.

फोनमध्येच कुणी घुसलं तर मात्र एन्क्रिप्शन हतबल असतं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस व्हॉट्सॲपनं जगभरातल्या सुमारे १४०० लोकांना कळवलं की पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं त्यांचे फोन लक्ष्य केले होते. त्यात भीमा कोरेगाव प्रकरणातले नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. सामान्य माणसावर एवढं महागडं हत्यार कुणी चालवत नाही. त्याच्यासाठी लग्नपत्रिकेच्या, पीएम किसानच्या किंवा गाडीच्या दंडाच्या नावानं एपीके फाईल येते. नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, बहुधा त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. उघडली असेल तर इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर क्रम लक्षात ठेवा. आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या, मग दुसऱ्या फोनवर त्या नंबरनं व्हॉट्सॲपमध्ये शिरा. तसं होताच जुन्या फोनवरचं बंद पडतं. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून कोड मागताना 'मला कॉल करा' हा पर्याय निवडा. तुम्ही लावलेला पिन आठवत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. पोलीस ठाण्यात तक्रार दिल्यावर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय नंबर घालून तो बंद करून घ्या. हा नंबर फोनच्या खोक्यावर छापलेला असतो, आणि *#०६# दाबलं की पडद्यावरही दिसतो. फोन हातात असतानाच तो पासवर्डच्या त्या कागदावर लिहून ठेवा.